दारापर्यंतचा ट्रॅक

पुणे,
रविवार, १८ जून २००६

ती. मामांस,
स्नेहलचा शिरसाष्टांग नमस्कार आणि जय जिनेंद्र.

तुमचं पत्र मिळालं. अरुणाक्का फोनवर सांगत होती, कानाचं नवं मशीन तुम्ही कपाटात ठेवून दिलंत म्हणे. "त्यात माणसं सोडून सगळं ऐकू येतंय" म्हणालात. तुमच्या लेकीनं किती खटपटीनं आणलं होतं ते! पण जाऊ दे. फोनवर ओरडून घसा बसण्यापेक्षा आपली पत्रंच बरी.

आज रविवार, म्हणजे माझा सायकलचा दिवस. जिनेंद्र म्हणतो, लोकांच्या बायका रविवारी झोपतात आणि माझी गाव हुंदडते. म्हटलं, मी मगदुमांची भाची आहे, रिडिंग घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आज कुठं गेले असेन? मंगळवार पेठेत! इथंही एक आहे. आपल्यासारखी तालीम, कट्टा, गल्लीत बांधलेली म्हैस असलं काही दिसलं नाही, पण रविवारचा जुना बाजार भरतो. कुलपं, पितळी नळ, तुटके पंखे, सगळं रस्त्यावर. एका माणसापुढं विजेच्या काळ्या मीटरांचा ढीग होता. काचेतले आकडे तसेच थांबलेले. मी सायकल उभी करून वाकून दोन-चार वाचले. तो म्हणाला, "ताई, घ्यायचंय का?" काय सांगणार त्याला? माझा मामा पस्तीस वर्षं हेच वाचत सायकलवरून कोल्हापूर फिरला, आई-बाबा गेल्यावर त्यावरच त्यानं मला वाढवलं, असं सांगितलं असतं तर त्यानं मीटर गळ्यातच घातला असता.

येताना सातारा रस्त्यानं आले. तो सगळा उकरलाय. मधून बससाठी आणि कडेनं सायकलसाठी वेगळा रस्ता होणार आहे, कात्रजपासून स्वारगेटपर्यंत. आमचा अरण्येश्वरचा फाटा त्याच्या मध्येच येतो. सायकलच्या ट्रॅकचे काही तुकडे झालेत. पण काय ट्रॅक मामा! लाल फरशीवर जरा सायकल लागते न लागते तोवर पुढं भेळेची गाडी. ती चुकवावी तर झाड. झाडापलीकडं पुन्हा ट्रॅक. प्रत्येक फाटकापाशी उतार, चढ, उतार. सायकल चालवायचा कमी आणि उचलायचा जास्त.

लग्नाला पाच वर्षं झाली, माझ्या घराचा उंबरा तुम्ही ओलांडलेला नाही. तक्रार नाही हं. तुमचा नियम मला माहीत आहे. तुम्हाला इथं येता येत नाही म्हणून तर गाव पत्रात घालून पाठवते.

तुमची,
स्नेहल

*

मंगळवार पेठ, कोल्हापूर,
ता. २ जुलै २००६

चि. सौ. स्नेहल हीस,
बापूसोमामाचे अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र. (देवाला म्हणतोय, तुझ्या नवऱ्याला नव्हं. त्यास्नी नमस्कार सांग.)

तुझं पत्र आलं. अरुणा खुणेनं विचारती, वाचून दाखवू का? म्हटलं, बाई, कान गेल्यात, डोळं न्हाईत गेलेलं. आन तू वाचलेलं मला ऐकू येणार हाय व्हय?

मीटरचं वाचलं. काळं मीटर म्हंजे आमच्या उमेदीतलं. गंगावेशीपास्नं शाहूपुरीपतूर एक गल्ली ऱ्हायली न्हाय. कुणाच्या जिन्याखाली मीटर, कुणाच्या देवघरात, एकाच्या तर न्हाणीत. आत बाई न्हातीया आन मी भाईर उभा!

तू लिव्हलंस तक्रार न्हाय. पर मला कळतंय की. त्या पंचकल्याणक पूजेच्या मांडवात मला उठायची बुद्धी कुठनं झाली कुणास ठावं. मुनीमहाराज म्हणालं, आज परत्येकानं एक तरी नियम घ्या. कुणी बटाटा सोडला, कुणी वांगं. आता वांगं मला किती आवडतंय तुला म्हायती हाय. म्हटलं, ते कशाला सोडा? आपुन जन्मभर सायकलीवर. मोटारीत बसायचा परसंग येतोय कुठं? उठलो आन हात जोडून म्हणालो, आजन्म इंजिनाच्या वाहनात बसणार न्हाय. मांडव दणाणला जयजयकारानं. मला वाटलं, वांगंबी ऱ्हायलं आन पुण्यबी मिळालं. तवा तुझं लग्न ठरायचं हुतं. तू इतक्या लांब जाशील आसं कुणाच्या ध्यानात आलं हुतं?

सगळ्यांच्यात सोपा नियम घेतला आन सगळ्यांच्यात महाग पडला. पर देवाम्होरं घेतलेला हाय. मोडायचा न्हाय.

हितं सायकलीची अडचण न्हाय. मला हॉर्न ऐकू येत न्हाय हे गावाला ठावं हाय. बिंदू चौकातलं रिक्षावालं लांबनंच म्हणत्यात, आण्णा आलं, कडंनं घ्या. तरीबी मागच्या मडगार्डला पत्र्याची पाटी ठोकलीया, 'कानानं कमी. हॉर्न मारू नका, वळसा घाला.' पोरं हासत्यात. हासू देत.

एक इचारायचं हाय. तो ट्रॅक म्हंजे नेमकं काय? त्यावर मोटारी येतच न्हाईत व्हय? मागनं कायबी येणार न्हाय आसा रस्ता आसतोय? मला पटत न्हाय. नीट बघ आन लिही.

तुझा,
बापूसोमामा

*

पुणे,
१० ऑक्टोबर २००६

प्रिय अरुणाक्का,

फोनवर तू रडतेस, मी रडते आणि सांगायचं राहूनच जातं. म्हणून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहिते. घरी पाठवलं तर मामांच्या हातात पडेल.

दवाखान्यातून परवा घरी आणलं. ऑगस्टमधल्या त्या रविवारी मी काही वेडंवाकडं केलं नव्हतं गं. ट्रॅकवरूनच चालले होते. एका विजेच्या डीपीच्या पेटीपाशी ट्रॅक संपला, सरळ पेटीतच घुसला म्हण ना. म्हणून खाली रस्त्यावर उतरले आणि टँकरचा धक्का बसला. ड्रायव्हरलाही मी दिसले नसेन. सायकलला काही झालं नाही. दाराशी उभी आहे, तिच्याकडं बघवत नाही.

मणक्याचं ऑपरेशन नीट झालं म्हणतात. पण पाय माझे नाहीतच असं वाटतं. जिनेंद्र तळव्याला हात लावतो आणि माझ्या तोंडाकडं बघत बसतो. मी मान हलवते. वर्षभर पाठीवरच पडायचं, कूससुद्धा दोघांनी धरून बदलायची, गाडीचा प्रवास तर नावच काढायचं नाही. मग बघू, म्हणतात डॉक्टर.

मामांना सांगू नकोस. तुला माझी शपथ. त्यांना कळलं तर एक तर नियम मोडून गाडीत बसतील आणि उरलेला जन्म कुढत काढतील. नाही तर सायकल काढतील. या वयात, बहिऱ्या कानांनी, हायवेनं! मला दुसऱ्याचीच जास्त भीती वाटते.

दिवाळीला येत नाही म्हणून काही तरी कारण सांग.

तुझी,
स्नेहल

ता. क. अक्षर वेडंवाकडं आणि पेन्सिलीनं आहे. उताणं पडून वर धरलेल्या फळीवर लिहिते, पेनातली शाई वर चढत नाही.

*

कोल्हापूर,
२८ ऑक्टोबर २००६

प्रिय स्नेहल,

दिवाळी कसली घेऊन बसलीस! महावीर निर्वाणाचा लाडू चढवायला आण्णा देवळात गेले आणि परत येऊन कट्ट्यावर बसले. एस.टी. स्टँडकडनं येणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडं बघत होते. मी सांगितलं, जिनेंद्रच्या ऑफिसात काम निघालं. माझ्या ओठांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "अरुणा, तू खोटं बोलायला लागलीस की तुझं ओठ बारीक हुत्यात."

त्यांच्या डोक्यात भलतंच बसलंय. त्यांना वाटतंय तू रुसलीस. "पाच वर्षं झाली, मी एकदा तिच्या दारात गेलो न्हाय. पोरगी किती दिवस एकटीच ये-जा करंल?" असं स्वतःशीच मोठ्यांदा बोलतात. स्वतःला ऐकू येत नाही ना, सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

ऑगस्टपासून तुझं पत्र नाही. पोस्टमनला सायकल आडवी घालून थांबवतात. तूच काही तरी लिही बाई. मला तोंडावर खोटं बोलवत नाही. तुला कागदावर जमेल.

तुझी,
अरुणाक्का

*

पुणे,
५ नोव्हेंबर २००६

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार. जय जिनेंद्र.

मी रुसलेली नाही. तुमच्यावर रुसून जाईन कुठं? मी शिकवते त्या शाळेच्या परीक्षा, जिनेंद्रचं काम, दोन्ही एकदम आलं आणि दिवाळी हातची गेली.

तुम्ही ट्रॅकचं विचारलं होतंत ना? आज खास त्यासाठीच गेले. ऐका. जूनमध्ये मी नावं ठेवली होती, ते सगळं आता बदललंय. कात्रजपासून सलग झालाय. भेळेच्या गाड्या हलवल्या, झाडाला वळसा दिला, उतार एकसारखे केले. मी सकाळी वर कात्रजला जाऊन खाली सुटले ती धनकवडी, पद्मावती करत थेट आमच्या फाट्यापर्यंत. पायडल मारायलासुद्धा लागलं नाही. उन्हात फरशी लालचुटुक दिसते. केस उडत होते. उजवीकडं लोखंडी कठडा, त्याच्या पलीकडं मोटारी. मागनं काहीही येत नाही, मामा. काहीही नाही.

पाय अजून भरून आलेत बघा. पण छान वाटतंय.

तुमची,
स्नेहल

*

मंगळवार पेठ, कोल्हापूर,
ता. २६ नोव्हेंबर २००६

चि. सौ. स्नेहल हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, परत वाचलं, अरुणालाबी वाचायला दिलं. ती वाचता वाचता उठून आत गेली. तिला कांदा चिरायचा हुता म्हणं. आता चातुर्मास संपल्यावर घरात कांदा आला की बायकांचं डोळं वाहायला लागत्यात.

आगं, तू पेन्सिलीनं लिव्हायला लागलीस व्हय? शाळंतल्या पोरींची सवय लागली का काय? अक्षरबी डोंगर चढाय लागलंय. सायकलीवर बसूनच लिव्हलंस?

मला त्या ट्रॅकची मजा वाटली. गावानं माणसाचा, त्यातबी बहिऱ्या माणसाचा इचार करावा, ही लई मोठी गोष्ट हाय. आमच्या हितं रंकाळ्यावर फिरायला कट्टा हाय, पर सायकलीला कोण इचारतंय? रिकामी सायकल बाजूला ठेव म्हणत्यात, तिच्या जागी मोटारसायकल लावायची आसती.

आता मला सांग. कात्रजच्या जुन्या घाटातनं उतरलं की ट्रॅक लगीच लागतोय का मधी मोकळा रस्ता हाय? तुझ्या फाट्यापास्नं दारापतूर किती गल्ल्या? दाराची खूण काय? आसंच इचारतोय. मनात नकाशा काढायचा हाय.

तुझा,
बापूसोमामा

*

पुणे,
२० डिसेंबर २००६

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचा नकाशा पुरा करते. जुना घाट उतरलात की डाव्या हातालाच ट्रॅक सुरू होतो. ट्रकांची गर्दी नव्या बोगद्यानं जाते, त्यामुळं जुना घाट सायकलला बरा. फाट्याला पिंपळ आहे. तिथून आत वळायचं, मग तिसरी गल्ली. ट्रॅक जवळजवळ दारापर्यंतच म्हणा ना. खिडकीत तुळस आणि दाराशी तुम्ही दिलेली निळी सायकल उभी असते.

आज कुठं गेले नाही. रविवारी पर्वतीला वळसा घालून येईन म्हणते. तुम्ही नकाशा काढा, त्यावरून मी चालवते.

तुमची,
स्नेहल

*

(पोस्टकार्ड)

पेठ वडगाव,
ता. २८ जानेवारी २००७

चि. स्नेहल, आशीर्वाद. अरुणाला वडगावला माझ्या थोरल्या आक्काकडं चाललोय म्हणून सांगितलं. खोटं न्हाय, आलोय की वडगावला! उद्या म्होरं कराड, मग सातारा, मग शिरवळ. मुक्काम सगळीकडं आपल्या देवळात न्हाय तर पावण्यांच्यात. दिवस बुडायच्या आत थांबायचं, जेवायचं. घाई कशाची हाय? तू रुसली न्हाईस म्हणतीस, पर दिवाळीला आली न्हाईस. आता मीच येतोय. हायवेवर जपून कडंकडंनं जातो. एकदा का कात्रजला पोचलो की तुझा ट्रॅक हायच. काकवीचा डबा घेतलाय. मामा.

*

(पोस्टकार्ड)

सातारा,
ता. ३० जानेवारी २००७

चि. स्नेहल, गुडघं बोंबलत्यात, बाकी झ्याक. कराडात एकानं पाटी वाचून हॉर्न न मारता वळसा घातला आन हात जोडलं. माणसं चांगली हाईत. काकवीचा डबा हँडलला लई लागत हुता, आता मागं कॅरिअरवर वळकटीसंगट बांधलाय. परवा दुपारी तुझ्या दारात. वांग्याची भाजी कर. मामा.

*

पुणे,
१५ फेब्रुवारी २००७

ती. मामांस,
नमस्कार.

अरुणाक्कानं तुम्हाला सगळं सांगितलं, असं काल फोनवर कळलं. आता मी लिहायलाच हवं.

तुमचं वडगावचं कार्ड आलं तेव्हा तुम्ही शिरवळच्याही पुढं आला असाल. साताऱ्याचं तर तुम्ही ट्रॅकवर पडल्यावर आलं. कार्ड हातात धरून मी ओरडायला लागले. उठता येत नाही, पळता येत नाही, खिडकीतून वाकून बघताही येत नाही. जिनेंद्र स्कूटर घेऊन पळाला आणि नव्या बोगद्याच्या तोंडाशी उभा राहिला. जुना घाट बरा असं मी तुम्हाला लिहिलं होतं, हे त्याला सांगायचं मला त्या गडबडीत सुचलंच नाही. तो तिथं येणाऱ्या प्रत्येक सायकलकडं बघत होता आणि तुम्ही दुसऱ्या बाजूनं उतरून गेलात.

मामा, तो ट्रॅक नाही. म्हणजे आहे, पण मी लिहिला तसा नाही. सलग नाही, कठडा नाही. सिग्नलला गर्दी झाली की मोटारसायकलवाले सरळ त्यावरूनच जातात. ऑगस्टनंतर मी तो डोळ्यांनी पाहिलेला नाही. छताकडं बघत बघत लिहिला. तुमचं मन रमावं म्हणून लिहिला. आणि खरं सांगायचं तर माझंही रमत होतं. कात्रजवरून खाली सुटले, केस उडाले, हे लिहिताना मला पाय असल्यासारखे वाटले. त्या एका दुपारसाठी मी तुम्हाला त्या रस्त्यावर आणून घातलं.

तुम्ही खरंच धनकवडीपर्यंत आला होतात. तिथून माझं घर इतकं जवळ, की पूर्वी मी तिथं भाजी आणायला जायची.

एकच देवाची कृपा. तुम्हाला टेम्पोत घातलं तेव्हा तुम्ही बेशुद्ध होतात. अरुणाक्का सांगत होती, महाराजांनीही निरोप पाठवला की बेशुद्धीत घडलं तो नियमभंग नव्हे. तुमचा नियम शाबूत आहे. एवढं तरी माझ्या हातून मोडलं नाही.

तुम्ही मला रागवा. तुम्ही न रागवता पत्र पाठवलंत तर मला सोसणार नाही.

स्नेहल

*

कोल्हापूर,
ता. ४ मार्च २००७

चि. सौ. स्नेहल हीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पेन्सिलीनं हाय. पाठीवर पडून लिव्हायचं झालं तर पेन चालत न्हाय, हे मला काल कळलं. अरुणा फळी घेऊन आली, पेन दिलं, दोन ओळीत बंद पडलं. मग पेन्सिल दिली आन तोंड फिरवून उभी ऱ्हायली. तवा माझ्या डोक्यात परकाश पडला. आगं, तू नोव्हेंबरपास्नं सांगत हुतीस की. म्या वाचलं न्हाय.

राग आला. लई आला. पैल्यांदा तुझा आला. येवढं झालं आन मामाला सांगावंसं वाटलं न्हाय? मी काय परका हाय? मग अरुणाचा आला, मग त्या डीपी बसवणाऱ्याचा. शेवटी माझाच आला आन तो काय जात न्हाय. वांगं सोडलं आसतं तर काय बिघडणार हुतं?

माझा खुबा मोडलाय. ऑपरेशन झालं. दवाखान्यात कसं गेलो म्हायती हाय? तालमीच्या पोरांनी खाटंसकट खांद्यावर उचललं आन मंगळवार पेठेतनं चालत नेलं. म्होरं एक पोरगं "बाजूला व्हा" करत पळतंय, मागनं अरुणा. बाया दारात आल्या, त्यास्नी वाटलं म्हातारा गेला. शेजारच्या चिमणाबाईनं तर गळा काढला. मी हात वर करून सांगितलं, हाय आजून! सगळी हासली. आण्णांचा नियम मोडायचा न्हाय म्हणून पोरं घामाघूम झाली. परत आणतानाबी तसंच. आन मी वर पडून एकेकाचं तोंड बघत हुतो. लाजंनं मेल्यागत झालं, स्नेहल. का ते आता सांगतो. हे कुणालाच सांगितलेलं न्हाय, अरुणालाबी न्हाय.

घाट उतरून ट्रॅकवर आलो. फुटका हुता, पर तू लिव्हलेलं मनात, म्हटलं म्होरं चांगला आसंल. मागनं कायबी येत न्हाय म्हणून निवांत मधनं चाललो हुतो. मागनं आली मोटारसायकल. हॉर्न मारला आसंल त्यानं. पाटी वळकटीखाली झाकली गेल्ती, ते माझ्या ध्यानात आलं न्हाय. पडलो. काकवी सगळी फरशीवर. माणसं जमली. मार्केट यार्डात गूळ उतरून परत निघालेला आपल्याकडचा एक टेम्पोवाला थांबला. माझी टोपी बघून, सायकलीवरचं कोल्हापूरच्या दुकानाचं नाव बघून म्हणाला आसंल, हे आपलं पावणं दिसत्यात. कुणी डाक्तर आला, सुई दिली. मग मला उचलाय लागले.

त्या वक्ताला मी शुद्धीवर हुतो.

टेम्पोचं मागलं फळकूट पाडलेलं दिसलं. इंजिन चालू हुतं, ऐकू येत न्हाय पर पत्रा थरथरत हुता. मला म्हणता आलं आसतं की, बाबांनो, मला ह्यात घालू नका, नियम हाय. नुसता हात हलवला आसता तरी कळलं आसतं. पर मनात आलं, हे आता मला स्नेहलकडंच नेणार. किती लांब हाय? पिंपळापतूर न्हेतील, तिसरी गल्ली, तुळस, निळी सायकल. आन मी डोळं मिटलं. डोळं उघडं ठेवलं आसतं तर न्हाय म्हणावं लागलं आसतं. म्हणून मिटलं. कुणी पाणी पाजलं ते मिटल्या डोळ्यांनीच प्यालो.

मला ओठ बघितल्याबिगार काय कळत न्हाय. डोळं मिटलं आन मी पुरा बहिरा झालो. तो काय बोलला, कुणाला इचारलं, कायबी कळलं न्हाय. तुझा पत्ता मला तोंडपाठ, म्हणून कागदावर कुठं लिव्हला न्हाय. खिशात घावली ती अरुणाची चिठ्ठी. ती माझ्या परत्येक सदऱ्यात घालती, हितला पत्ता आन 'कानाने कमी'. त्या भल्या माणसानं काय वाईट केलं सांग? पुण्यात एकट्याला टाकायला नको, घरच्यांच्या हवाली करू म्हणाला. पैसंबी घेतलं न्हाईत.

सुईनं झोप लागली. टेम्पो थांबला तसा जागा झालो. म्हटलं, आलं घर. डोळं उघडायच्या आधी म्या टोपी सारखी केली. तुझ्या दारात पैल्यांदा येत हुतो ना.

डोळं उघडलं तर म्होरं अरुणा. माझंच दार, माझाच कट्टा.

आता गाव म्हणतंय आण्णांचा नियम शाबूत हाय. तूबी तेच लिव्हलंस, आन ते लिव्हून तुला जरा बरं वाटलं. मग मी कुणाला काय सांगू? खरं बोललो तर नियम मोडलाय. गप बसलो तर तो हाय आन मला तुझ्याकडं येता येत न्हाय. नियमबी गेला आन भेटबी न्हाय झाली. तू तिथं छताकडं बघतीस, मी हितं. डाक्तर मलाबी म्हणतोय, मग बघू.

तू म्हणालीस रागवा. रागवलो. आता एक ऐक. मोटारीनं यायचं का न यायचं, ते मी महाराजांस्नी खरं सांगून ठरवीन, धीर झाला की. आजून झाला न्हाय. तवर तू लिव्हायचं बंद करू नगंस. रविवारी सायकल काढ, कागदावर का हुईना. फकस्त आता खरा रस्ता लिही. भेळेची गाडी, झाड, तो डीपी, सगळं लिही. कुठं उतरायचं, कुठं सायकल उचलायची, तेबी लिही. मी मागं बसतो, डबलसीट. डोळं उघडं ठेवून.

तुझा,
बापूसोमामा